दाढेत भरलेल्या औषधाची तारीख लिहून ठेवा

जुलै उजाडला आणि नाणे मावळात, पवन मावळात भातलावणीला जोर आला की कामशेत परिसरात अर्धवट राहिलेल्या रूट कॅनालची संख्या वाढते. पहिल्या-दुसऱ्या सिटिंगला नस काढून झालेली असते, आत औषध भरलेलं असतं, वरून तात्पुरतं पांढरं सिमेंट लावलेलं असतं आणि रात्रीची झोप उडवणारा ठणका थांबलेला असतो. आठ-दहा दिवसांनी पुन्हा या, असं डॉक्टरांनी बजावलेलं असतं. पण दुखत नाही म्हटल्यावर गुडघाभर चिखलातलं काम टाकून दवाखान्यात कोण जाणार? लावणीमागून गणपती येतात, मग भातकापणी, मग दिवाळी, मग घरातलं एखादं लग्न. दाढेची आठवण होते ती पुन्हा ठणकल्यावर, नाहीतर भाकरीच्या घासाबरोबर तिचा तुकडा हातात आल्यावर.

आणि मग हमखास एक प्रश्न येतो : ‘डॉक्टर, आत भरलेल्या औषधानंच दात ठिसूळ झाला ना?’

प्रश्न रास्त आहे आणि त्याला नीट उत्तर मिळायला हवं. पूर्ण वाढ झालेल्या दातात दोन-चार आठवड्यांपुरतं ठेवलेलं औषध घाबरण्यासारखं नाही. तेच औषध महिनोन्महिने आत राहिलं तर मुळाचा आतला भाग हळूहळू कमकुवत होतो, आणि ज्या मुलांच्या दातांची मुळं अजून वाढायची आहेत त्यांच्या बाबतीत हा धोका सर्वांत मोठा असतो. मात्र मोठ्या माणसांच्या बहुतेक दाढा तुटतात त्या औषधापेक्षा दुसऱ्याच कारणानं. त्याकडे पुढे येतोच.

आत भरतात ते काय?

रूट कॅनाल म्हणजे मुळातल्या बारीक नळ्यांमधली सुजलेली किंवा सडलेली नस काढायची, नळ्या साफ करायच्या आणि कायमच्या बंद करायच्या. पू होत असेल, मुळाच्या टोकाशी हाड पोखरलं गेलं असेल, तर पुष्कळदा हे काम दोन-तीन बैठकांत विभागतात. मधल्या दिवसांत नळी रिकामी ठेवली तर उरलेले जंतू पुन्हा वाढतात. म्हणून तिथे एक पांढरी पेस्ट भरतात. सुईसारख्या बारीक टोकाची सिरिंज मुळाच्या टोकाच्या जरा अलीकडपर्यंत नेतात, पेस्ट सोडत सोडत ती मागे घेतात, दाढेच्या खोलगटात कापसाचा छोटा बोळा ठेवतात आणि त्यावर तीन-चार मिलिमीटर जाडीचं तात्पुरतं सिमेंट दाबतात. हे सिमेंट लाळेच्या ओलीनं घट्ट होतं, म्हणून घरी निघताना ‘तासभर काही खाऊ नका’ असं सांगतात.

ही पेस्ट बहुतेक वेळा कॅल्शियम हायड्रॉक्साइडची असते. पानाला लावतात त्या विरलेल्या चुन्याचं आणि हिचं मूळ रसायन एकच. जर्मनीतले दंतवैद्य हर्मान यांनी १९२० साली ती दातांच्या उपचारात आणली आणि शंभर वर्षांनंतरही ती जगभर वापरात आहे. तिचा सामू साधारण १२.५ असतो. इतक्या तीव्र अल्कलीत बहुतेक जंतू मरतात, आत चिकटून राहिलेले नसेचे कण सैल पडतात आणि पू थांबायला मदत होते. स्वीडनमध्ये १९९१ साली झालेल्या एका अभ्यासात दिसलं की नळी साफ केल्यावर मागे राहिलेले जंतू संपवायला सात दिवसांचं औषध पुरेसं ठरलं, दहा मिनिटांचं ठरलं नाही. तेव्हा ‘आठवड्यानं या’ हे डॉक्टरांनी सहज बोलायचं म्हणून सांगितलेलं नसतं.

इथे एक गोष्ट कळकळीनं सांगतो. औषध चुन्याचंच आहे म्हणून घरच्या डबीतला चुना कोणी किडलेल्या दाढेत भरू नये. तो हिरडीला आणि गालाला भाजतो, नळीत जायला हवा तिथे जात नाही आणि मूळ दुखणं तसंच राहतं. तंबाखू आणि मिशरी दाढेत दाबून ठेवण्याची सवय तर याहून वाईट.

चुना दाताला काय करतो?

दाताच्या वरच्या चकचकीत कवचाखाली जो पिवळसर भाग असतो त्याला डेंटिन म्हणतात, आणि मूळ जवळजवळ सगळं त्याचंच बनलेलं असतं. वजनानं पाहिलं तर डेंटिनमध्ये सुमारे ७० टक्के खनिजं, २० टक्के सेंद्रिय भाग आणि बाकीचं पाणी. त्या सेंद्रिय भागात मुख्यतः कोलॅजेनचे धागे असतात. खनिजांमुळे डेंटिनला कडकपणा येतो. धाग्यांमुळे ते घासाचा दाब जरासं वाकून सोसतं, लगेच तडकत नाही. हे धागे आणि खनिजं एकमेकांना धरून असतात तोवर दाताचा दम टिकतो.

कॅल्शियम हायड्रॉक्साइडची तीव्र अल्कली डेंटिनमधल्या सूक्ष्म नलिकांतून झिरपते. दीर्घकाळ झिरपत राहिली तर कोलॅजेन बिघडतं आणि खनिजांशी असलेली त्याची पकड सैल होते. बाहेरून काही दिसत नाही. दाताचा रंग तोच, एक्स-रेतही मूळ पहिल्यासारखंच.

याचा सर्वांत ठळक इशारा १९९२ साली स्वीडनमधून आला. स्टॉकहोममधले मिओमिर त्स्वेक यांनी मार लागून नस मेलेल्या, दीर्घकाळ कॅल्शियम हायड्रॉक्साइड ठेवून मग भरलेल्या पुढच्या दातांच्या नोंदी तपासल्या. ज्या दातांच्या मुळांची वाढ सर्वांत कमी झाली होती, त्यांच्यातले ७७ टक्के दात मानेपाशी, म्हणजे हिरडीच्या रेषेजवळ, मोडले होते. ज्यांची मुळं सर्वांत जास्त वाढलेली होती, त्यांच्यात हे प्रमाण २८ टक्के होतं. यातला काही दोष मुळाच्या पातळ भिंतींचा हे उघडच आहे. म्हणून औषधाचा वाटा वेगळा काढून पाहणं गरजेचं होतं.

ते काम कोपनहेगनच्या येन्स ओवे आंद्रेआसेन आणि सहकाऱ्यांनी २००२ साली केलं. त्यांनी मेंढ्यांचे, मुळांची वाढ अपुरी असलेले खालचे पुढचे दात घेतले, त्यांत कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरलं आणि पंधरा दिवसांपासून वर्षापर्यंत वेगवेगळा काळ ठेवून ते मोडायला किती जोर लागतो हे मोजलं. जितका काळ जास्त, तितका लागणारा जोर कमी. साधारण वर्षभरात दाताची ताकद निम्म्यावर येईल, असा त्यांचा निष्कर्ष होता. २००६ साली त्यांनीच आणखी एक प्रयोग केला. औषध फक्त ३० दिवस ठेवून नंतर नळीत एम.टी.ए. नावाचं सिमेंट भरलं, तर १०० दिवसांच्या निरीक्षणात ताकदीत लक्षणीय घट दिसली नाही.

हे प्रयोग काढलेल्या दातांवरचे, तेही मेंढ्यांच्या. माणसाच्या तोंडात आकडे जसेच्या तसे लागू होतील असं कोणी म्हणू नये. पण २०१३ साली अशा अनेक प्रयोगशाळांतल्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हाही हेच आढळलं : पाच आठवडे किंवा त्याहून जास्त काळ औषध राहिलं तर बहुतेक अभ्यासांत डेंटिनची ताकद घटलेली होती, महिनाभराच्या आत मात्र निकाल एकमेकांशी जुळत नव्हते. माझ्या दृष्टीनं रुग्णासाठी यातून एक सरळ हिशेब निघतो. औषध भरल्यापासून महिना उलटायच्या आत डॉक्टरांपुढे बसायचं.

मुलांचे पुढचे दात

लोहगड-विसापूरच्या शेवाळलेल्या पायऱ्या, शाळेचं मैदान, जुन्या हायवेच्या कडेला चालवलेली सायकल. आठ-दहा वर्षांचं पोर तोंडावर पडलं की पहिला मार वरच्या दोन मोठ्या दातांना बसतो. हे कायमचे दात सातव्या-आठव्या वर्षी येतात, पण त्यांची मुळं पूर्ण व्हायला साधारण दहावं वर्ष उजाडतं. तोवर मुळाचं टोक उघडं आणि भिंती पातळ असतात. या काळात मार लागून नस मेली तर मूळ आहे त्या जाडीवर थांबतं.

अशा दाताच्या उघड्या टोकामुळे नेहमीचं रूट कॅनाल भरता येत नाही. भरलेला माल टोकातून बाहेर जातो. पूर्वी यावर उपाय एकच होता. कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरायचं, दर काही महिन्यांनी बदलायचं आणि टोकाशी कठीण पडदा तयार होईपर्यंत वाट पाहायची. त्याला सहा महिने लागत, कधी दीड वर्षही. त्या काळात ही पद्धत जगभर मान्य होती आणि तिनं असंख्य मुलांचे दात वाचवले. पण वर सांगितलेला धोका तिच्यातच होता. मुलगा पेरूला चावा घेतो, ‘कट्’ असा आवाज होतो आणि आख्खा दात हिरडीच्या रेषेवर आडवा मोडून पेरूत रुतलेला निघतो. मूळ आत, शिर बाहेर. पुष्कळदा असा दात परत उभा करता येत नाही, आणि जबड्याची वाढ चालू असल्यामुळे लगेच इम्प्लांटही बसवता येत नाही.

आता एवढी वाट पाहावी लागत नाही. कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठात महमूद तोराबिनेजाद यांनी विकसित केलेलं आणि १९९३ पासून दंतवैद्यकाला परिचित झालेलं एम.टी.ए. हे सिमेंट ओलाव्यातही घट्ट होतं. त्याचा मूळ घटक बांधकामात वापरतात ते पोर्टलँड सिमेंटच, शुद्ध केलेलं. मुळाच्या उघड्या टोकाशी त्याचा चार-पाच मिलिमीटरचा बूच बसवतात, तो घट्ट झाला की वरची नळी बंद करतात आणि मानेपासचा पातळ भाग आतून कॉम्पोझिटनं चिकटवून भक्कम करतात. आधी आठ-पंधरा दिवस कॅल्शियम हायड्रॉक्साइड ठेवावं लागलं तरी हरकत नाही. बायोडेंटिन हे त्याच जातीचं आणखी नवं सिमेंट. काही निवडक मुलांत मुळाच्या टोकापलीकडून नळीत रक्त उतरवून मूळ पुन्हा वाढतं का, हेही पाहतात. जपानमधून २००१ साली अशा उपचाराची नोंद प्रसिद्ध झाली आणि तेव्हापासून ही शाखा वाढत गेली. त्यात वर्षानुवर्षं तपासणीला जावं लागतं, म्हणून हा मार्ग निवडण्याआधी आपण ते निभावू शकू का याचा घरात विचार करावा.

आई-वडिलांनी डॉक्टरांना एकच प्रश्न न चुकता विचारावा : ‘मुळाचं टोक उघडं आहे की बंद?’ उघडं असेल तर औषध किती दिवस ठेवणार आणि पुढे काय करणार, हे त्याच वेळी समजून घ्यावं. ‘दर तीन महिन्यांनी औषध बदलू, वर्षभर’ असं उत्तर आलं तर एम.टी.ए.चा पर्याय आहे का हे नम्रपणे विचारायला काहीच संकोच नको.

पडल्यावर आख्खा दात मुळासकट बाहेर आला असेल तर तो शिराच्या बाजूनं धरावा, मुळाला बोट लावू नये, खरवडू नये. माती लागली असेल तर दुधानं किंवा स्वच्छ पाण्यानं क्षणभर धुऊन कायमचा दात जमलं तर जागच्या जागी बसवावा आणि मुलाला रुमाल चावायला देऊन दवाखाना गाठावा. बसवणं जमलं नाही तर दुधात बुडवून न्यावा. तासाच्या आत पोचणं मोलाचं आहे. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो. बसवलेल्या दाताचं मूळ पूर्ण वाढलेलं असेल तर रूट कॅनाल साधारण दोन आठवड्यांत सुरू करतात, आणि तिथेही २०२० सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना कॅल्शियम हायड्रॉक्साइड एक महिन्यापर्यंतच ठेवायला सांगतात.

सहाव्या वर्षी येणाऱ्या पहिल्या कायमच्या दाढेबद्दलही बोलायला हवं, कारण तिच्यावर आपल्याकडे फार अन्याय होतो. ती दुधाचा कोणताही दात न पडता, सगळ्यांच्या मागे गुपचूप उगवते. घरात कोणाला कळतच नाही. कीड लागली की ‘दुधाची दाढ आहे, पडून जाईल’ म्हणून सोडून देतात. ती पडत नाही, जन्मभराची असते, आणि तिची मुळंही नवव्या-दहाव्या वर्षापर्यंत अर्धवटच असतात. आठ वर्षांच्या मुलाच्या त्या दाढेत औषध भरून वर्षभर विसरणं म्हणजे तिच्या मुळांवर दुहेरी घाव.

दुधाच्या दाढांचं रूट कॅनाल झालं असेल तर मात्र या लेखामुळे धास्तावू नका. त्यांत मुद्दाम विरघळणारी पेस्ट कायमची भरतात, म्हणजे मुळाबरोबर तीही झिजून जाते. तसंच खोल किडीच्या भरणाखाली लावलेला कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा घट्ट होणारा पातळ थर हीसुद्धा वेगळी गोष्ट.

मोठ्यांची दाढ का तुटते?

चाळिशीतल्या माणसाच्या दाढेची गोष्ट वेगळी आहे. नस काढली की दात वाळून ठिसूळ होतो, अशी समजूत गावोगाव आहे, कित्येक डॉक्टरही तसंच सांगतात. १९९२ साली सेजली आणि मेसर यांनी एकाच माणसाच्या तोंडातले जोडीचे दात तपासले, एक रूट कॅनाल झालेला आणि दुसरा जिवंत, अशा २३ जोड्या. ताकदीत म्हणण्यासारखा फरक सापडला नाही. त्याआधी १९८९ साली अमेरिकेत रीह आणि सहकाऱ्यांनी आणखी उपयोगाची मोजणी केली होती. नुसत्या रूट कॅनालसाठी पाडलेल्या भोकानं दाताचा ताठपणा सुमारे ५ टक्क्यांनी कमी झाला. चावण्याच्या पृष्ठभागावर खड्डा केल्यावर २० टक्क्यांनी. आणि दाढेच्या पुढच्या व मागच्या दोन्ही कडा गेल्या, तेव्हा ६३ टक्क्यांनी.

हा ६३ चा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. रूट कॅनालपर्यंत आलेल्या बहुतेक दाढांची एक तरी कड किडीनं आधीच खाल्लेली असते, कित्येकींच्या दोन्ही. उरतात त्या दोन्ही बाजूंच्या भिंती, एकमेकींपासून सुटलेल्या. चावताना त्या बाहेरच्या बाजूला फाकतात. लोणावळ्याहून आणलेल्या चिक्कीचा तुकडा नेमका मध्ये आला, किंवा सुपारीचं खांड, किंवा उसाचं कांडं, की एक भिंत मुळापर्यंत चिरत जाते. औषध त्यात फार तर साथीदार असतं.

म्हणून दाढेला कॅप हवी. कॅप त्या भिंतींना बाहेरून आवळून धरते. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रूट कॅनालनंतर कॅप न बसवलेले दात, कॅप बसवलेल्यांच्या सहा पट वेगानं गमावले गेले. पुढच्या दातांची गोष्ट निराळी. ते शाबूत असतील तर साधं भरणही पुरतं. पण दाढ आणि उपदाढ कॅपविना वापरू नये, असं मी आग्रहानं सांगेन.

पैशांची अडचण खरी असते, ती मी समजू शकतो. रूट कॅनालचे पैसे कसेबसे जमवल्यावर कॅपचं नंतर बघू, असं होतं आणि ते ‘नंतर’ येतच नाही. अशा वेळी डॉक्टरांना मोकळेपणानं सांगा. पक्कं भरण करून दाढेची टोकं थोडी कमी करता येतात, किंवा टोकांवरून कॉम्पोझिटचा थर देता येतो, म्हणजे कॅप येईपर्यंत भिंती फाकत नाहीत. मुलांच्या दाढेसाठी स्टीलची तयार कॅप स्वस्तात आणि एका बैठकीत बसते. साधी धातूची कॅप दिसायला नसेल चांगली, पण मागच्या दाढेवर ती पांढऱ्या कॅपइतकीच काम करते आणि तिच्यासाठी दाढ कमी कोरावी लागते.

धुण्याचं पाणी आणि इतर औषधं

नळी धुताना जे पाणी सोडतात त्याला ब्लीचसारखा वास येतो, कारण ते तेच असतं, सोडियम हायपोक्लोराइट. पहिल्या महायुद्धात हेन्री डेकिन यांनी त्याचा अर्ध्या टक्क्याचा सौम्य द्राव जखमा धुवायला वापरात आणला, आणि दातांत आज तो अर्ध्यापासून सव्वापाच टक्क्यांपर्यंत वापरतात. तो सेंद्रिय भाग विरघळवतो, म्हणूनच उपयोगी आणि म्हणूनच जपून वापरायचा. तीव्र द्रावात डेंटिनच्या पट्ट्या दोन तास बुडवल्यावर त्यांची वाकण्याची ताकद घटल्याचं प्रयोगांत दिसलं आहे. नळीचा खनिजयुक्त गाळ काढण्यासाठी १७ टक्क्यांचं ई.डी.टी.ए. वापरतात. त्याला मिनिटभर पुरतं, दहा मिनिटं ठेवलं तर ते नळीची भिंत खातं. ही वेळ सांभाळणं सर्वस्वी डॉक्टरांचं काम आहे, रुग्णानं त्याची चिंता वाहू नये. रुग्णानं मागावं ते रबर डॅम. दाताभोवती ताणलेला तो रबरी पडदा औषधं घशात जाऊ देत नाही आणि लाळ नळीत येऊ देत नाही.

उघड्या टोकाच्या दातांत कधी कधी तीन अँटिबायोटिक्सची मिश्र पेस्ट भरतात. त्यात मिनोसायक्लिन असेल तर दात काळपट पडू शकतो. पुढच्या दातात ती भरणार असतील तर हे आधीच विचारून घ्यावं.

नस मारायचं औषध हा प्रकार अजून काही ठिकाणी चालतो. भूल लागत नाही म्हणून दाढेत पॅराफॉर्मल्डिहाइडची पेस्ट ठेवतात आणि ठरावीक दिवसांनी बोलावतात. ही पेस्ट गळून बाहेर आली तर हिरडी आणि तिच्याखालचं हाडही जाळते. अशी पेस्ट ठेवली असेल तर दिलेली तारीख एक दिवसही टाळू नये. हिरडी पांढरी पडून झोंबू लागली तर तारखेचीही वाट पाहू नये.

तारीख, एक्स-रे आणि गैरसोयीचे दिवस

औषध भरून खुर्चीतून उठलात की डॉक्टरांना केसपेपरवर तीन गोष्टी लिहायला सांगा : कोणतं औषध, कोणत्या तारखेला, आणि जास्तीत जास्त कधीपर्यंत. त्याचा आणि एक्स-रेचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. तळेगाव-चाकणच्या कारखान्यांत कंत्राटावर काम करणाऱ्यांची, मुंबईला ये-जा करणाऱ्यांची जागा मध्येच बदलते. मग दुसऱ्या डॉक्टरांना आत काय आहे आणि किती दिवसांचं आहे हे कळायला दुसरा मार्ग राहत नाही.

लावणी तोंडावर आहे, परीक्षा आहे, बाळंतपणासाठी लेक माहेरी यायची आहे, तर उपचार सुरू करण्यापूर्वीच सांगा. पू नसलेल्या बऱ्याच दाढांचं रूट कॅनाल एकाच बैठकीत पूर्ण होतं आणि त्याचे निकाल अनेक बैठकांपेक्षा उणे नसतात. तेही शक्य नसेल तर तात्पुरत्या सिमेंटऐवजी ग्लास आयनोमरसारखं टिकाऊ भरण घालता येतं. साधं तात्पुरतं सिमेंट दोन-तीन आठवड्यांपलीकडे भरवशाचं नसतं. ते झिजलं, कडेनं फट पडली की लाळ आत जाते, औषध धुऊन निघतं आणि जंतू परततात. तुकडा पडलाच तर दाढेत कापूस-लवंग कोंबून दिवस ढकलू नका. दुसऱ्या बाजूनं चावा आणि एक-दोन दिवसांत ते पुन्हा लावून घ्या.

एम.टी.ए. किंवा उघड्या टोकाचं काम प्रत्येक दवाखान्यात होतंच असं नाही. कामशेतहून लोकलनं पिंपरीला उतरलं की डॉ. डी. वाय. पाटील दंत महाविद्यालय जवळ पडतं. पुण्यात धनकवडीला भारती विद्यापीठाचं दंत महाविद्यालय आहे. मुंबईला जाणं सोयीचं असेल तर सी.एस.एम.टी.जवळचं शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी खर्च सहसा खासगी दवाखान्यापेक्षा कमी येतो, मात्र खेपा जास्त होतात आणि शिकणारे डॉक्टर वर्षागणिक बदलतात. म्हणून तिथे केसपेपरचा नंबर आणि औषधाची तारीख जपणं आणखी गरजेचं.

वर्ष उलटून गेलं असेल तर

औषध भरून सहा महिने, वर्ष, दोन वर्षं झालेले दात घेऊन माणसं येतात तेव्हा ती ओशाळलेली असतात, म्हणूनच आणखी टाळतात. ओशाळण्याचं कारण नाही, आणि घाईनं दात काढून टाकायचंही कारण नाही. आधी एक्स-रे काढतात. आतलं औषध पुष्कळदा विरून गेलेलं असतं, नळी पुन्हा साफ करावी लागते आणि गरज पडली तर पुन्हा औषध, यावेळी मोजून एक-दोन आठवड्यांसाठी. मग पक्कं भरण. कॅपच्या आधी डॉक्टर दाढ प्रकाशात नीट निरखून, एकेका टोकावर चावायला लावून आणि हिरडीची खोली मोजून तडा शोधतात. चावा सोडताना कळ येणं, हिरडीवर एकाच जागी पुन्हा पुन्हा पुटकुळी येणं, एकाच ठिकाणी हिरडीत अरुंद खोल खाच सापडणं, ही तडा मुळात गेल्याची लक्षणं असू शकतात. मूळ उभं चिरलं असेल तर कोणतंही औषध ते सांधत नाही. एका मुळाची दाढ असेल तर ती काढावी लागते, दोन-तीन मुळांची असेल तर कधी तेवढंच मूळ काढून बाकीची वाचते.

मुलाच्या पुढच्या दातात औषध दीर्घकाळ राहिलं असेल तर तो अजून मोडलेला नाही हीच संधी समजा. औषध काढून, एम.टी.ए. बसवून, मान आतून कॉम्पोझिटनं भरून घेईपर्यंत पेरू, ऊस, कणीस, चिक्की पुढच्या दातांनी तोडू देऊ नका, फोडी करून मागच्या दाढांनी खायला द्या. काम झाल्यावरही कबड्डी, कुस्ती, क्रिकेट खेळताना माउथगार्ड घालावं. दंतवैद्य मापाचं बनवून देतात, आणि मुलाच्या दाढा-दातांची ठेवण बदलेल तसं ते दर वर्षी तपासून नवं घ्यावं लागतं. पहिली दोन वर्षं दर सहा महिन्यांनी एक्स-रेसाठी न्या, आणि प्रत्येक वेळी आधीचा एक्स-रे सोबत असू द्या, म्हणजे मुळाच्या टोकाभोवतीचं हाड भरून येतंय की नाही हे डॉक्टरांना शेजारी ठेवून पाहता येईल.